घर सोडून सगळं

ताईने रजा मागितली तेव्हा लॅबच्या मालकाला वाटलं, कुणीतरी गेलं. इतक्या वर्षांत तिने रजा घेतली होती ती एक तर तापाने फणफणून, नाहीतर मयतीला.

"कोण?" त्याने आवाज खाली आणत विचारलं.

"अहो, कुणी नाही. भावाकडे जातेय. समुद्र बघायला," ताई म्हणाली आणि उगाचच लाजली.

ती कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा ओतला जायचा आणि त्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात लावायचं काम ताईचं. समोर स्पिरिटचा दिवा, हातात मेणाची सुरी, मानेला कायमचा बाक. तिला तिच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. धाकटा भाऊ लहान असताना शाळा सुटली की लॅबच्या पायरीवर येऊन बसायचा आणि "ताई, भूक" म्हणून आत ओरडायचा. तेव्हापासून ती सगळ्यांचीच ताई झाली, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मालकाचीसुद्धा.

बाप त्याआधीच गेला होता. मेला नव्हता, गेला होता. एका सकाळी घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि "आलोच" म्हणून जो बाहेर पडला तो आलाच नाही. समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहरात एका बाईबरोबर राहतो, एवढं शेजारपाजारच्यांकडून कळलं. आईने हाय खाल्ली. दाराची कडी वाजली की ती पदराला हात पुसत उठायची, आणि दूधवाला बघून पुन्हा बसायची. पुढे उठणंच बंद झालं. आई गेली तेव्हा ताई सोळाची होती आणि धाकटा दुधाचे दात पडायच्याही आधीच्या वयाचा. ताईने शाळा सोडली, लॅबमध्ये झाडलोट धरली, मग साचे ओतायला शिकली, मग दात लावायला. स्थळं आली. "भाऊ माझ्याबरोबर येईल" म्हटलं की पाहुणे चहा संपवून उठायचे. एकदोघे तर चहा अर्धा टाकून.

धाकटा शिकला, हुशार निघाला आणि त्याच शहरातल्या बंदराच्या कचेरीत अधिकारी झाला. लहानपणापासून पोरगं बोटींचं वेडं होतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. लग्न झालं ते मुलीच्या गावी. त्यानंतर ताई दर वर्षी म्हणायची, "येते तुझं घर बघायला," आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी घर फारच लहान होतं. कधी बाळ आजारी होतं. कधी नळ फुटले होते. मग धाकटाच दोन दिवस येऊन जायचा, लेकीला, छकुलीला घेऊन. पोर "आजोबा असं करतात, आजोबा तसं करतात" अशी टकळी चालवायची. ताईला वाटायचं, तिच्या आईच्या वडिलांबद्दल बोलत असेल.

या वर्षी मात्र ताईने त्याला विचारलंच नाही. आधी रजा मंजूर करून घेतली आणि मग रविवारी त्याचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं.

पलीकडे आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग धाकटा एकदम उत्साहात आला.

"मस्तच! ताई, सगळं माझ्यावर सोड. तू फक्त गाडीत बस. बंदरासमोरच एक छान हॉटेल आहे, खिडकीतून बोटी दिसतात."

"हॉटेल कशाला रे? मी काय परकी आहे?"

"अगं, घरात रंगकाम काढलंय. तुला वासाने त्रास होईल."

"आयुष्य स्पिरिटच्या वासात गेलं माझं!"

"ऐक ना माझं. एकदा तरी राणीसारखी राहा."

त्यानंतर तो रविवारचे फोन सोडून मधल्या वारीही फोन करू लागला. पहिल्या दिवशी जुना बाजार आणि धक्का. दुसऱ्या दिवशी दीपगृह, तिथून खाली वाळूवर. मग खाडी ओलांडून पलीकडची गावं, मिठागरं, टेकडीवरचा किल्ला. गाडीवाला दिवसभर दिमतीला. संध्याकाळी धक्क्यावर गाणीबजावणी असते, ती चुकवायची नाही. तो इतक्या रंगात येऊन सांगायचा की ताईला वाटायचं, हा अजून पायरीवर बसलेला तोच मुलगा आहे.

यंत्रावर कवळ्या घासून चकचकीत करणारी एक मैत्रीण होती, तिला सगळे पॉलिशवाली म्हणत. यंत्रापेक्षा तिच्या तोंडाचा आवाज मोठा. नवरा वारलेला, मुलगी सासरी, बोलायला ताईच. तिने ताईला पट्ट्याच्या सँडल घ्यायला लावल्या, कारण वाळूत साध्या चपला रुततात. टोपी घ्यायला लावली. ती घालून ताईने आरशात बघितलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

"आणि भावाच्या घरी कधी?" पॉलिशवालीने एकदा विचारलं.

"म्हणजे?"

"बाजार झाला, किल्ला झाला, मिठागरं झाली. मीठ काय बघायचं असतं? घर सोडून सगळं दाखवतोय की तुला."

"तुझं आपलं काहीतरीच," ताई म्हणाली. पण ते तिच्या मनात रुतून बसलं. समुद्र बघायचा होता हे खरंच, पण त्याहून तिला बघायचं होतं ते त्याचं कपाट. आपण वाढवलेलं पोरगं आपल्या शर्टांच्या घड्या कशा घालतं, भांडी कुठे ठेवतं, लेकीला झोपवताना कुठल्या कुशीवर झोपवतं. त्यासाठी गाडीवाला कशाला लागतो?

रजा आठवड्यावर आली असताना भावजयीचा फोन आला. ती सहसा फोन करत नसे. बोलायला गोड, पण ताईशी जरा जपूनच असायची. दुपारची सुट्टी होती. ताई डबा झाकून बाहेरच्या पायरीवर येऊन बसली.

"ताई, रागावू नका, मी यांना न सांगता फोन केलाय. तुम्ही हॉटेलात उतरायचा हट्ट सोडा ना."

"माझा हट्ट?"

"हे म्हणाले, तुम्हीच घरी यायला नको म्हणालात. मला कळतं हो. इतकं सोसलंत तुम्ही, त्यांचं तोंड बघावंसं वाटत नसेल. पण बाबा आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, ताई. फार निवळलेत. छकुली तर त्यांच्याशिवाय जेवत नाही."

ताईला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय.

"आणि तुम्ही केलेली कवळी काय सुंदर बसलीय त्यांना!" भावजय बोलतच राहिली. "मी यांना म्हटलंसुद्धा, ज्या बाईने स्वतःच्या हाताने त्यांना दात करून पाठवले तिच्या मनात राग कसा राहील? म्हणून म्हटलं आपणच विचारावं. हॅलो? ताई?"

कवळी ताईला आठवत होती. गेल्या वर्षीची. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी टोचते, तू करशील तशी इथे कुणी करत नाही, असं म्हणून धाकट्याने साचा पाठवला होता. ताईने विचारलं होतं, माणूस कसा आहे? म्हणजे दात तसे लावता येतात. "हसरा आहे," धाकटा म्हणाला होता. म्हणून तिने पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरपा लावला होता, हसताना चेहरा नैसर्गिक दिसावा म्हणून. दोन वेळा मेण वितळवून पुन्हा लावला होता.

"ऐकतेय," ताई म्हणाली. "किती वर्षं झाली गं त्यांना तुमच्याकडे?"

मग भावजयीचा बारीक झालेला आवाज आला. "ताई... तुम्हाला माहीत नव्हतं?"

ताईने फोन ठेवला, आत गेली, सुरी तापवली आणि कामाला लागली. हातातल्या कवळीचं मेण जळून काळं पडलं तेव्हा पॉलिशवालीने यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"माझा बाप माझ्या भावाकडे राहतो. आणि मी त्याला दात करून दिलेत."

"म्हणजे आता चावायची पण सोय झाली त्याची," पॉलिशवाली म्हणाली. ताई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते सुट्टी होईपर्यंत थांबलं नाही. मालक दारात येऊन उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला.

ताईने धाकट्याला फोन केला नाही. त्याचे आले ते उचलले नाहीत. तेव्हा तो स्वतःच आला. सकाळी दार वाजलं आणि समोर तो उभा. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. ताईने सवयीने विचारलं, "काही खाल्लंस का?" आणि विचारल्याचा तिला स्वतःचाच राग आला.

तो जुन्या खुर्चीत बसला, ज्या खुर्चीत बसून त्याने अभ्यास केला होता.

"तुला सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? ते मेल्यावर?"

"ताई, ते एक दिवस कचेरीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ती बाई वारली होती, तिच्या मुलांनी यांना बाहेर काढलं होतं. हातात एक पिशवी. मला म्हणाले, मला ओळखणार नाहीस तू. मी काय करायचं होतं? रखवालदाराला सांगून हाकलायचं?"

"मी म्हटलं हाकल?"

"तू म्हटलं नसतंस. पण तुझं तोंड बघून मला हाकलावं लागलं असतं."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

"वाटलं, चार दिवस ठेवू, मग बघू," धाकटा पुढे म्हणाला. "मग छकुली झाली. त्यांनी तिला अंगाखांद्यावर वाढवलं. आता घरातलं माणूस आहे ते. तुला येऊ द्यायचं तर तुला सांगावं लागणार. सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मग..."

"म्हणून मग नळ फुटले."

त्याने मान खाली घातली. पण ती फार वेळ खाली राहिली नाही.

"एक विचारू? मी त्यांचा राग कसा करायचा गं? मला ते गेलेले आठवतच नाहीत. मला आठवतं ते तू सांगितलेलं. मी रडायला लागलो की तू काय सांगायचीस? बाबा मोठ्या बोटीवर आहेत. वादळात सगळ्या लोकांना वाचवतात. आपल्यासाठी शंखशिंपल्यांची पेटी भरून ठेवलीय त्यांनी. अंथरुणात घेऊन रोज नवीन काहीतरी सांगायचीस. मोठा झाल्यावर कळलं की सगळं खोटं होतं. पण तोवर तो माणूस मला आवडायला लागला होता, ताई. मी त्या शहरात नोकरी का धरली असं तुला वाटतं?"

ताईने खिडकीची चौकट धरली. तिला ते अंथरूण आठवलं. भिंतीकडे तोंड करून हुंदके देणारं ते पोर, आणि त्याला झोप लागावी म्हणून काळोखात ती रचत असलेली बोट. बापाला शिव्या द्यायच्या असायच्या, आणि तोंडातून शिडं निघायची. पोराने बापाशिवाय वाढावं, पण बापाने टाकलेलं म्हणून वाढू नये, एवढंच तिला वाटायचं. त्याची परतफेड आता अशी होत होती.

"माझ्याबद्दल काय म्हणतात ते?" तिने विचारलं.

धाकट्याचा चेहरा जरा उजळला, जणू चांगली बातमी सांगायची राहून गेली होती. "तेच तुला सांगायचं होतं. आता सगळं उघड झालंय ना, मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, येऊ दे तिला. माझ्या मनात तिच्याबद्दल काहीही नाही."

"त्यांच्या मनात काही नाही," ताई सावकाश म्हणाली.

"नाही ना. म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. हा हुशार, परीक्षेत पहिला येणारा मुलगा आपण काय बोललो हे न कळता आशेने तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या तळव्याला अजून सुरीचे चटके होते, मान वळत नव्हती, लग्नाचं वय कधी सरलं ते कळलं नव्हतं. आणि त्या माणसाने तिला माफ केलं होतं.

"म्हणून म्हणतो, ताई, तू घरीच ये. एकदा भेट. कडू-गोड काय बोलायचं ते बोल. फक्त... त्यांच्या छातीत दुखतं अधूनमधून. छकुलीसमोर नको एवढंच."

"म्हणजे बोल, पण बोलू नकोस."

"तसं नाही..."

"नको," ताई म्हणाली. "हॉटेलचं ठरलंय तेच राहू दे. पॉलिशवालीला घेऊन येते बरोबर. तू म्हणालास ते सगळं बघते. घरी नाही येणार."

"अगं, पण..." धाकटा म्हणाला. पुढे तो काय बोलला ते ताईने ऐकलंच नाही, कारण तिने त्याचा चेहरा बघितला होता. "पण" म्हणतानाच त्याचे खांदे खाली आले होते, कपाळावरची आठी सुटली होती. अवघड पेपर रद्द झाल्यासारखा तो सुटला होता. बाप सापडल्याने झालं नव्हतं, इतकी वर्षं खोटं बोलल्यानेही झालं नव्हतं. ते त्या सुटलेल्या आठीने झालं. ताईच्या आत काहीतरी जे तुटायचं राहिलं होतं ते तुटलं.

तिने त्याला जेवू घातलं आणि दुपारच्या गाडीला लावून दिलं.

सहल ठरल्याप्रमाणे झाली. शहर खरोखरच तो म्हणत होता तसं होतं. भोंगे, गर्दी, रंगीत छत्र्या, धक्क्यावर गाणारी तरणी पोरं, खाडीच्या होडीत सायकलींसकट चढणारी माणसं. पॉलिशवालीने वाळूत फतकल मारली आणि लाटेने भिजल्यावर समुद्र, आभाळ आणि स्वतःचा मेलेला नवरा या तिघांनाही शिव्या दिल्या. ताईनेही पाण्यात पाय बुडवले. पायाखालची वाळू सरकते तेव्हा माणूस दचकतो, तशी ती दचकली आणि मग तिला ते आवडलं. आवडतंय याचंच तिला वाईट वाटत होतं. गाडीवाला अदबीने वागायचा. साहेबांची बहीण म्हणून दरवेळी दार उघडून द्यायचा. साहेब दोनदा संध्याकाळी हॉटेलात आले, खुर्चीच्या कडेला बसले, "काही कमी नाही ना?" म्हणाले, घड्याळ न बघता घड्याळ बघितल्यासारखे उठले.

शेवटच्या दिवशी भावजय आली, एकटीच, घाईघाईने जिना चढून.

"ताई, चला पटकन. बाबा छकुलीला घेऊन फिरायला गेलेत, तासभर तरी येत नाहीत. हे कचेरीत आहेत. निदान घर बघून घ्या. मला फार लागून राहिलंय हो."

तिचे डोळे भरले होते. या सगळ्यात तिचा काही दोष नव्हता, आणि तिला एकटीलाच लाज वाटत होती. ताईने तिचा हात हातात घेतला. एकदा तिला वाटलं, जावं. कपाट उघडावं, घड्या बघाव्यात, मुलीच्या उशीला हात लावावा. मग तिने स्वतःला बघितलं: जिन्यावरच्या चाहुलीकडे कान लावून आपल्याच भावाच्या घरात उभी असलेली.

"नाही गं," ती म्हणाली. "चोरासारखी नाही येणार."

"मग कधी येणार?"

ताईने भावजयीला खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि छकुलीसाठी बाजारातून घेतलेला फ्रॉक तिच्या पिशवीत घातला. दोघी बराच वेळ खिडकीतून बोटी बघत बसल्या.

लॅबमध्ये सगळ्यांनी विचारलं. ताईने दीपगृहाबद्दल सांगितलं, मिठागरांबद्दल सांगितलं. मालक म्हणाला, "नशीबवान आहात, ताई. इतकं निगुतीने ठरवून देणारा भाऊ मिळायला भाग्य लागतं." पॉलिशवालीने यंत्र सुरू केलं, नेहमीपेक्षा जोरात.

रविवारी फोन आला. धाकटा खुशीत होता. पुढच्या वेळी उत्तरेकडच्या टेकड्या करू म्हणाला, तिकडे धबधबे आहेत, एक नवं हॉटेल झालंय. ताईने "हं" म्हटलं. छकुलीला फ्रॉक बरोबर झाला का विचारलं. झाला होता. त्याने तिचा मानेचा त्रास कमी आहे का विचारलं. होता.

"बरं, ठेवते," ताई म्हणाली. "कपडे वाळत घालायचेत."

आजवर तिने कधी आधी फोन ठेवला नव्हता. तो "ठेवू का?" म्हणायचा आणि ती आणखी काहीबाही विचारत त्याला धरून ठेवायची. धाकट्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. बादली उचलून ताई गच्चीवर गेली. ऊन चांगलं होतं. तिने चादरी झटकल्या, दोरीवर नीट पसरल्या आणि चिमटे लावत राहिली.